आकृतीत नसलेला बाण

६ मार्च

चि. चिमणीस अ. उ. आशीर्वाद.

सकाळी पंखा पुसला. दुपारी भात करपला, तोच खाल्ला. मग झोपलो. तुझी आई गेल्यापासून दिवस असे जातात, तक्रार नाही.

तू म्हणतेस माझ्याकडे या, दादा म्हणतो माझ्याकडे या. जन्मभर पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं, म्हणून रीतसर गणितच मांडलं. दोन्ही घरांचं वस्तुमान सारखं धरलं (जावईबापूंचं पोट वगळून). दादा दुप्पट लांब, म्हणजे त्याची ओढ तुझ्या ओढीच्या एक चतुर्थांश. त्याच्या फोनांवरून ते आधीच सिद्ध झालंय. तू पूर्वेला, तो उत्तरेला. दोन्ही बाणांची बेरीज तुमच्या मधल्याच दिशेला जाते. नकाशा पाहिला. तिथे सिमेंटचं गोदाम आहे. माझी हरकत नाही, पण त्यांनी बोलावलेलं नाही. सबब इथेच राहतो. आकृती जोडली आहे.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवून धाडू नये.

तुझे,
बाबा

१२ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

आकृती पोचली. पट्टीने काढलीत, छान. जावईबापूंनी पोटाचा निषेध नोंदवून दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आता तपासणी. वस्तू जागची हलत नसेल तर तिच्यावरच्या सगळ्या ओढींची बेरीज शून्य, हे तुम्हीच शिकवलंत. आमच्या दोघांची बेरीज शून्य नाही, तरी तुम्ही ढिम्म. म्हणजे तिसरी ओढ आहे, आणि ती तुम्ही काढलीच नाहीत. अपुऱ्या आकृतीला भोपळा, हा नियमही तुमचाच. मी रडले होते त्यापायी. शनिवारी गाडी घेऊन येते. गोदामवाल्यांना कळवा.

अंतराच्या वर्गाने लोभ घटू देऊ नये.

तुमची,
चिमणी

१५ मार्च

चि. चिमणीस अ. उ. आशीर्वाद.

भोपळा मान्य. तिसरा बाण काढायला बसलो होतो. पण ते वस्तुमान कुठे ठेवायचं, तेच कळेना. तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात ठेवलं, तर अंगणातही ओढ लागते. बाजारात गेलो, तिथेही तेवढीच. अंतराने कमी होत नाही, दिशा सापडत नाही. असलं बल कुठल्याच पुस्तकात नाही. मुलांनी लिहिलं असतं तर मी खोडलं असतं.

पण सगळीकडे सारखंच असेल, तर तुझ्याकडेही असणार. तेव्हा ये. दादाला मी कळवतो. पत्र पोचेपर्यंत त्याचा रुसवाही चौथाई होईल.

बाकी भेटीत. लोभ सोबत आणतोच आहे.

तुझे,
बाबा

ता. क. माळ्यावरची मोठी बॅग मीच काढली. ओल्या फडक्याने पुसली आणि उघडी करून उन्हात ठेवली.