साहेबांचा डबा आणि त्याची पुढची व्यवस्था

आणि नाकं मुरडायची तेवढी मुरडून झाली असतील, शोभतं का, लोक काय म्हणतील, हे सगळं बोलून झालं असेल, तर भाऊजी आणि धाकटे, आता दोघं शेजारी बसून हे नीट वाचा. इतके महिने मी ऐकून घेतलं. आता लिहिते.

मी, खाली सही करणारी, किल्लीवाल्याची बायको, आता विधवा, वय बावन्न, शिक्षण चौथी, नोकरी दवाखान्याच्या धुलाई विभागात चादरींच्या मशीनवर. माझं डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक दाखवून, हात धरून हे लिहून घेतलेलं नाही. हात धरायला कुणी येतच नाही, हीच तर तक्रार आहे. बुधवारी माझं पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात घाबरायचं कारण नाही, पण सही मात्र त्यांनी आधीच घेऊन ठेवली. मग म्हटलं, मीही एक करून ठेवते. माझ्या पश्चात काय कुणाचं, ते असं.

किल्ली कापायचं मशीन, कानशी आणि कोऱ्या किल्ल्यांची पेटी छत्रीवाल्याला द्यावी. नवऱ्याच्या टपरीशेजारी तो जन्मभर बसला. मागणार नाही, पण रोज येता-जाता मशीनवरची धूळ पुसतो, ती मला दिसते.

शिवणयंत्र धाकट्या जावेला. धाकटे, तुझं माझं पटलं नाही, पण तू मन लावून शिवतेस. तेलाची कुपी खणात आहे. माझ्या साड्या वाटू नका, फरशी पुसायच्याच लायकीच्या आहेत. बँकेत जे काही आहे ते साहेबांच्या औषधाला.

आता साहेब. तुम्हाला माहीत आहे, पण मृत्युपत्र परका माणूसही वाचतो म्हणून लिहिते. साहेब म्हणजे माझा मुलगा. वय एकोणतीस, समज चार वर्षांची, असं डॉक्टरांच्या कागदावर आहे. बापाने तो कागद मानला नाही. पहिल्यापासून साहेबच म्हणायचा. साहेब उठले का, साहेबांनी आज किती कप फोडले. सगळी गल्ली साहेब म्हणते, आता माझ्याही तोंडात दुसरं येत नाही. संध्याकाळी बाप जिना चढायला लागला की खांद्यावरच्या पिशवीत किल्ल्या वाजायच्या. तो खाली असतानाच साहेब दाराशी जाऊन बसायचे.

नवरा गेला तेव्हा भाऊजी, तुम्हीच आम्हाला गाडीत घालून अस्थिकलशाच्या दुकानात नेलंत. त्याची हाडं नि राख कापडी पिशवीत साहेबांच्या मांडीवर होती. लाकडाचे, पितळेचे, दगडाचे कलश मांडलेले. दुकानदार म्हणाला, "हा बघा, आतून मखमल आहे." साहेबांनी एकेक कलश उचलायचा, कानाशी धरून हलवायचा आणि खाली ठेवायचा. दुकानदाराच्या कपाळाला घाम.

"बाई, ते काय तपासतायत?"

"मला काय विचारता? साहेब ते आहेत."

शेवटी साहेबांनी गल्ल्याजवळचा पेपरमिंटच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा उचलला, हलवला आणि हसले. बाप गेल्यावर पहिल्यांदा हसले. मला तिथेच कळलं. पण भाऊजी, तुम्ही म्हणालात, "वहिनी, माझा भाऊ गोळ्यांच्या डब्यात नाही राहणार," आणि पांढरा संगमरवरी कलश घेतलात. झाकण पक्कं चिकटवून घेतलंत. मी अडवलं नाही. तुम्ही रडत होतात.

घरी आल्यावर साहेबांनी कलश हलवला. दगड तो, जड, गच्च, आत मखमल. आवाज नाही. त्यांनी जेवण सोडलं. कपाळ भिंतीवर आपटायला लागले. मी काय करायला हवं होतं, सांगा ना. नवऱ्याचीच छिन्नी घेतली आणि झाकण फोडलं. दुकानात परत गेले, हात जोडले. दुकानदाराने गोळ्या कागदात ओतल्या आणि डबा तसाच देऊन टाकला. तेव्हापासून नवरा त्या डब्यात आहे. सुरुवातीला पेपरमिंटचा वास यायचा. जन्मभर सिगारेट ओढली, मेल्यावर तरी वास सुधारला. साहेब रोज संध्याकाळी दाराशी बसून डबा हलवतात, आणि मग जेवतात. एवढंच आहे. यात घाण कुठे आहे ते मला कळलेलं नाही.

धाकटे, तू म्हणालीस, "साहेबांना आम्ही बघू, पण मेलेल्या माणसाची हाडं माझ्या घरात खुळखुळणार नाहीत." तुझ्या वडिलांचा फोटो तुझ्या हॉलमध्ये आहे. तोही मेलेल्याच माणसाचा आहे. फक्त वाजत नाही.

मी हट्टी असेन, मूर्ख नाही. दुसऱ्या तसल्याच डब्यात कोऱ्या किल्ल्या भरून देऊन पाहिल्या. साहेबांनी एकदाच हलवला आणि माझ्या हातात परत दिला, चुकीचा माल दुकानदाराला परत देतात तसा. खडे भरून पाहिले, तेच. अर्धी राख काढून ठेवावी म्हटलं, तर तेही त्यांना कळलं. मी हरले.

अशा मुलांना सांभाळणाऱ्या संस्थेतही जाऊन आले. चांगली जागा आहे, खोटं बोलणार नाही. खिडक्या मोठ्या, चादरी स्वच्छ, ते मला लगेच कळतं. तिथल्या बाईंनी विचारलं, "डब्यात काय आहे?"

"त्याचा बाप."

बिचारीने पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाली, "ताई, पत्र्याच्या वस्तू आत घेता येत नाहीत. कुणी कुणाच्या डोक्यात घातली तर? आणि हे तर अजिबात नाही." तिचंही चूक नाही. कुणाचंच चूक नाही, आणि माझं काम होत नाही.

तर घर. दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या नावावर, कर्ज फिटलेलं. हे घर मी भाऊजी आणि धाकटी यांना देते, पण एका अटीवर. साहेब आणि डबा दोन्ही एकत्र सांभाळायचे. डबा माळ्यावर टाकायचा नाही, कपाटात कुलूप लावून ठेवायचा नाही. साहेबांचा हात पोचेल असा खालच्या फळीवर ठेवायचा. झाकण सैल होतं, त्याला दोरा गुंडाळायचा. चहा कोमट द्यायचा. नखं कापताना त्यांच्याशी बोलत राहायचं, गप्प बसलं की घाबरतात.

तुम्ही नाही म्हणालात तर घर

इथे मी जागा कोरी सोडली आहे. साक्षीला बसलेला समोरचा शिंपी म्हणतो मृत्युपत्रात कोरी जागा चालत नाही. म्हटलं, मग तू भर. तो कात्री शोधायला लागला.

माझं स्वतःचं. मला कशातही ठेवा, स्वस्तातलं घ्या, मखमल नको. आतलं खरं सांगायचं तर त्याच्याजवळ राहायला मला आवडलं असतं. इतकी वर्षं एका खोलीत काढली, एका डब्यात काय जड होतं? पण माझी राख त्या डब्यात घालू नका. कुणी आग्रह केला तरी नाही. डबा भरला की वाजत नाही.

भाऊजी, तुम्ही दुष्ट नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. दुसरं दार माझ्याकडे नाही. बुधवारी सकाळी मी दाखल होणार. मंगळवारी, चौदा तारखेला, दिवे लागायच्या आत उत्तर पाहिजे. फोनवर नको, निरोप नको. दोघांनी जिना चढून वर यायचं आणि साहेबांच्या समोर बसून सांगायचं. हो आणि नाही, एवढं त्यांना कळतं.

स्थळ: राहतं घर, स्वयंपाकाची खोली
तारीख: चालू महिन्याची अकरा, शनिवार
सही: किल्लीवाल्याची बायको

साक्षीदार पहिला: समोरचा शिंपी. सही माझ्यासमोर झाली. कोऱ्या जागेबद्दल मी सांगितलं होतं. (सही)

साक्षीदार दुसरी: खालच्या मजल्यावरची नर्स. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. ऑपरेशनच्या दिवशी साहेब माझ्याकडे, फक्त त्या दिवशी, कारण गुरुवारपासून मला ड्यूटी आहे. (सही)