मधमाश्यांची मानवंदना

२ मार्च
निवृत्त होऊन आज महिना झाला. ऑफिसातले चहाला बोलावणार होते. बोलावलं नाही. बरंच झालं, मला वेळ कुठे आहे? नवा उद्योग सुरू: 'एका दिवसात सारा जिल्हा'. सकाळी किल्ला, दुपारी देऊळ, मग राजवाडा, संध्याकाळी तळ्यावर वन्यजीव. व्हिजिटिंग कार्डं छापून आणली. नावाखाली 'संचालक'. ही म्हणाली, संचालक ते कोणाचे? मी कार्डं खिशात ठेवली. तीस वर्षं संसार करूनही बायकोला नवऱ्याची कुवत कळत नाही, ही मोठी गंमत आहे.

हिच्या धाकट्या भावाची मिनीबस आहे. पहिल्या फेरीला डिझेलपुरतेच घेईन म्हणाला. मेहुणा असावा तर असा.

५ मार्च
पाहणी दौरा. राजवाडा: तीन खोल्या उघड्या, बाकीच्यांना कुलपं. पेंढा भरलेला वाघ आहे. कानातून पेंढा बाहेर आलाय आणि दोन डोळे दोन रंगांचे. लांबून दाखवावा. देऊळ: झकास. आत गारवा, खांबाखांबावर कोरलेले हत्ती. एकाला सोंड नाही, त्या बाजूने जायचं नाही.

तळं: पाणी नाही. पाणी नाही म्हणून पक्षी नाहीत. एक म्हैस बसली होती.

म्हणजे वन्यजीव खातं रिकामं. आणि मी कार्डाच्या मागे छापून बसलोय.

६ मार्च
सापडलं! किल्ल्याच्या मोठ्या दरवाजाला, वर कमानीखाली, आग्या मोहोळं. सात पोळी. एकेक दाराच्या फळीएवढं, काळंभोर, लोंबतं. हे वन्यजीव नाहीत तर काय! शिवाय खाणंपिणं त्यांचं ते बघतात.

शेजारी वन खात्याचा पिवळा बोर्ड: आवाज करू नये, धूर करू नये, अत्तर लावून येऊ नये. नेमका फोटोत मधे येतो. त्यावर माझा बॅनर बसेल. मापं घेतली.

एकच अडचण. माशा हलत नाहीत. लोक पैसे मोजतात ते हलणारी गोष्ट बघायला.

७ मार्च
घरी उत्साहाने सांगितलं. चूक झाली. हिने हातातली कढई खाली ठेवली. म्हणाली, मी त्या दरवाजाच्या वाटेलाही जाणार नाही आणि तुम्हीही जाऊ नका. हिला मागे एकदा गांधीलमाशी चावली होती, ओठ जरा सुजले होते. हिचं म्हणणं, जरा नाही, श्वास बंद झाला होता, दोन दिवस ऑक्सिजनवर होते. असेलही. मी तेव्हा ऑडिटमध्ये अडकलो होतो. तेव्हापासून पर्समध्ये एक इंजेक्शन घेऊन हिंडते. डॉक्टर लोक घाबरवून सोडतात.

९ मार्च
चमत्कार! दरवाजाखाली उभं राहून सहज टाळी वाजवली, तर पोळ्यावरून एक लाट सरसरत गेली. सगळ्या माशांनी एकदम पाठी वर केल्या आणि खाली घेतल्या. पुन्हा टाळी, पुन्हा लाट. मला बघून सलाम करतात! ऑफिसात एवढ्या वर्षांत शिपाई उठून उभा राहिला नाही.

आयटमचं नाव ठरलं: मधमाश्यांची मानवंदना. बॅनरवर मोठ्या अक्षरात.

१२ मार्च
किल्ल्याच्या पहारेकऱ्याने आपली खुर्ची दरवाजापासून उचलून पार लांबच्या झाडाखाली नेली. विचारलं तर म्हणाला, सावली आहे. कामचुकार. बॅनर बांधायला हात लावायलाही आला नाही. मी एकट्याने बांधला. बोर्ड पूर्ण झाकला गेला. छान दिसतं.

१५ मार्च
टाळीला माशा आता दाद देत नाहीत. सवय झाली असावी. शिट्टी आणली. शिट्टीला जोरदार लाट. दोन-चार माशा खाली उतरून माझ्याभोवती फिरल्या, बसपर्यंत सोडायला आल्या. अगत्य म्हणतात ते हे.

मानेवर गाठ आलीय, ठणकते. उकाड्याने.

१७ मार्च
दरवाजापाशी नेहमी असायचा तो कुत्रा मेलेला सापडला. तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं. म्हातारा झाला होता, कधीतरी जाणारच. मेहुणा सोबत होता. येताना म्हणाला, भावोजी, हे वगळलं तर नाही चालणार? मी त्याला म्हटलं, तू स्टिअरिंग सांभाळ.

१८ मार्च
बावीस जणांचं बुकिंग झालं! त्यात थोरली मेव्हणी. हिची ताई. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालते, पण हौस दांडगी. ताईला हात धरायला कोणीतरी हवं म्हणून आता हीसुद्धा येणार. अट एकच: माशा नसल्या तर.

मी सांगितलं, माशा गेल्या. या दिवसांत पोळी सोडून उडून जातात. तशा त्या जातातच, कधी ना कधी. खोटं म्हणता येणार नाही. शिवाय त्या दोघींना बसमध्येच बसवून ठेवीन. तशी नोंद प्लॅनमध्ये केली.

२१ मार्च
रंगीत तालीम. शिट्टीची लाट फोटोत नीट येत नाही. फोटो स्टुडिओवाल्याकडे नळ्या मिळतात, पेटवल्या की गुलाबी धूर. एक आणली. तालमीत पेटवली नाही, एकच आहे. कमानीखालून येताना गुणगुणल्यासारखा आवाज येत होता. एरवी येत नाही. वारा असेल.

रात्री झोप लागली नाही. उत्साह.

२३ मार्च, सकाळी
निघतोय. शर्टाला इस्त्री, कानात अत्तराचा फाया. संचालक दिसायला हवा. ही खिडकीशी बसलीय, पर्स मांडीवर. पुन्हा एकदा विचारलं, नक्की गेल्या ना? म्हटलं, केव्हाच.

२३ मार्च, संध्याकाळी, हॉस्पिटलच्या बाकावर
घटनेचा अहवाल लिहून ठेवतो, पुढे गैरसमज नकोत.

बस दरवाजासमोर थांबली. सर्व पाहुणे उतरले. थोरली मेव्हणीही उतरली, कुणाचं ऐकते ती? तिला धरायला ही उतरली. मी प्लॅनमध्ये नाही म्हटलं होतं. पर्स सीटवर ठेवून उतरली. हिने वर पाहिलं आणि जागच्या जागी उभी राहिली. माझ्याकडे बघितलं. तोपर्यंत मी शिट्टी तोंडात धरली होती.

मानवंदना अप्रतिम झाली. एक लाट, दुसरी लाट. टाळ्या पडल्या. मग धूर सोडला. मग लाट आली ती परत गेलीच नाही, अख्खं पोळंच खाली आलं. टाळ्या थांबल्या.

संचालकाने सर्वप्रथम वाहन ताब्यात घ्यायचं असतं. मी घेतलं. दार लावलं, कारण माशा आत शिरल्या असत्या तर परतीच्या प्रवासात पाहुण्यांना बसवायचं कुठे? पाहुणे उताराने पळाले, बेशिस्त. थोरलीला पळता येईना. हिने अंगावरची शाल तिच्यावर टाकली. स्वतःवर काहीच नाही.

पर्स माझ्या शेजारच्या सीटवर सुरक्षित होती.

मेहुणा पाण्याचा कॅन घेऊन बसच्या मागे होता. त्याने दगडाने त्या सीटची काच फोडली, हात घालून पर्स ओढली आणि हिला इंजेक्शन दिलं. त्याचे दोन्ही हात सुजलेत. काच फोडायची गरज नव्हती, मी दार उघडणारच होतो. बसचं इंजिन चालू होतं, त्या घरघरीत बाहेरचं काही ऐकू आलं नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

२४ मार्च
आयसीयू. काचेतून दाखवली. तोंड ओळखू येत नाही. छातीवर यंत्राच्या वायरी. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनला आणखी थोडा उशीर झाला असता तर. तेवढंच बोलून आत गेले.

मला भीती वाटते. फार भीती वाटते. ही नसली तर घरात मी कोणाला काय सांगणार?

२६ मार्च
डोळे उघडले! बाकी पाहुण्यांना हॉस्पिटलमधून घरी सोडलं. एकंदरीत टूर वाचली असं म्हणायला हरकत नाही. पुढची टूर दरवाजा वगळून. किल्ल्याला मागून वाट आहे का बघायला हवं.

थोरली मेव्हणी माझ्या बाकावर बसत नाही. समोरच्या बाकावर बसते आणि भिंतीकडे बघते.

२८ मार्च
हिने आज पहिल्यांदा नीट बोलून विचारलं. मी दार वाजवत होते, ऐकू नाही का आलं? मी इंजिनाचं सांगितलं. तिने मान हलवली, कूस बदलली. सुटलो.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मेहुणा उभा होता, हाताला पट्ट्या. त्याने ऐकलं असावं. हळूच म्हणाला, भावोजी, चावी माझ्या खिशात होती. मी म्हटलं, दुसरी चावी असेल. तो म्हणाला, दुसरी नाही. मग चहा आणायला गेला. माझ्यासाठी पण आणला.

३ एप्रिल
ही घरी आली. डोळ्यांखाली अजून सूज आहे. परस्पर ठरलंय, आता काही दिवस थोरलीकडे राहणार. किती दिवस ते कोणी बोलत नाही. ठीक आहे, हवापालट होईल. मी सांगितलं, किल्ला कायमचा रद्द केला, बॅनर उतरवला, उरलेली कार्डं फाडतो. ती बॅग भरत होती. मी एक टॉवेल घडी करून दिला. तिने तो उलगडला, स्वतः घडी केली आणि ठेवला.

का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं. इंजिन बंद होतं, म्हटलं. तू दार वाजवत होतीस ते मला ऐकू आलं होतं.

ती म्हणाली, माहीत आहे. काचेतून तुम्ही मला दिसत होता. माझ्याकडेच बघत होता.

मग तिने बॅगेची चेन ओढली आणि उचलायला भावाला हाक मारली.