दोन सूर्यांखालचा बेदाणा

३ फेब्रुवारी, मंगळवार
वाचनालयाच्या समितीची सभा. अध्यक्ष आबांनी बिस्कीट चहात बुडवत जाहीर केलं की विज्ञानकथांचं कपाट रिकामं करून तिथं स्पर्धा परीक्षांची गाइडं लावायची. माझं कपाट! पुस्तकं मी दिलेली, बिजागऱ्या मी बसवलेल्या, धूळ मी पुसतो. म्हणे कुणी वाचत नाही. मी म्हणालो, तासगावात वाचतंच कोण? आबा म्हणाले, "मग गाइडंच बरी की." सगळे हसले. एकजात शहाणे.
शेवटी महिन्याची मुदत मिळाली. आमच्याकडे शिफारस करणाऱ्यानं पुस्तकाच्या पहिल्या पानावर चिठ्ठी डकवायची, वाचणाऱ्यानं परत देताना खाली एक ओळ लिहून सही करायची, ही जुनी पद्धत. ८ मार्चच्या सभेपर्यंत दहा पुस्तकांवर माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाची सही दिसली तर कपाट राहील. आज अशी पुस्तकं: शून्य.

६ फेब्रु., शुक्र.
ग्रंथपाल शैलाताईंचं म्हणणं, चिठ्ठ्या जरा गोड लिहा. काय वाईट आहेत? 'दशांश अपूर्णांक विसरलेल्यांनी हात लावू नये.' 'पहिली साठ पानं कळणार नाहीत. दोष पुस्तकाचा नाही.' 'ज्यांना दर प्रकरणात एक लग्न लागतं, त्यांनी पलीकडचं कपाट बघावं.' खरं तेच लिहिलंय. कुपवाडच्या कारखान्यात एकतीस वर्षं मायक्रोमीटर घेऊन तपासणीला बसलो. माल वाईट असला तर वाईट म्हणालो, तिथं कुणी गोडवा मागितला नाही.
घरी हे सांगितलं तर सुमन भाजी निवडता निवडता म्हणाली, "मालाचं ऱ्हाऊ द्या. तुमी गिऱ्हाइकालाच रिजेक्टचा शिक्का मारताय." हिला काय कळतंय. हिनं पंचांगापलीकडं काही उघडलेलं नाही.

११ फेब्रु., बुध.
शिफारशी करत फिरलो. रिटायर सुभेदारांना अंतराळातल्या लढाईची कादंबरी दिली. दोन दिवसांत परत! चिठ्ठीखाली: 'यानाचा कप्तान वरच्याला न विचारता हल्ला करतो. असली फौज टिकणार नाही.' अडीचशे वर्षांपुढचं विश्व, आणि यांना परवानगीचा कागद हवाय. पण सही केली. एक झालं.
बँकेतल्या बाईंनी उभ्या उभ्या शेवटचं पान वाचलं. "सगळे मरतायत. नको." ठेवून गेल्या.
वाचक म्हणे.

१५ फेब्रु., रवि.
महिपती माने आला. कवठे रस्त्याला द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. ट्रॅक्टर समोरच्या गॅरेजात, म्हणून सावलीला आत शिरला. "शिंदेसायेब, मला बी एक द्या की. येळ जाईना." मी यंत्रमानवाचं पातळ, चित्रांचं काढून दिलं. उलटसुलट करून म्हणाला, "ह्ये नातीला हुईल. जाडं न्हाई व्हय?" आणि स्वतःच हात घालून दो.सू. उचललं.
दो.सू. म्हणजे दोन सूर्यांच्या ग्रहावर माणसं वस्ती करतात ती कादंबरी. कपाटातलं सर्वांत भारी पुस्तक. मुखपृष्ठ कधीच गेलंय. कुपवाडच्या एसटीत पहिल्यांदा वाचलं, तेव्हापासून अकरा वेळा. म्हणालो, तुम्हाला झेपणार नाही. "न्हाई झेपलं तर आणून देतो. पुस्तक हाय, बैल न्हवं."
नाइलाजानं दिलं. आता पानांना द्राक्षाचा चिकटा लागणार.

२२ फेब्रु., रवि.
तीन पुस्तकांवर सह्या. माने पुस्तक आणत नाही, म्हणून शेडवरच गेलो. बाया जाळ्यांवर द्राक्षं पसरत होत्या. खांबाला प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली, तिच्यात दो.सू.! माने जेवणाच्या सुट्टीत बायांना मोठ्यानं वाचून दाखवतो. पुस्तक काय, कीर्तन काय, सगळं सारखंच!
पिशवी काढायला हात घातला, तर डोक्याला टॉवेल गुंडाळलेली एक बाई म्हणाली, "आवं, ती पोरगी अजून भुयारातच हाय. कुटं न्हेताय?" बाकीच्या हात थांबवून माझ्याकडं बघायला लागल्या.
तसाच परत आलो. का, माहीत नाही.

२७ फेब्रु., शुक्र.
मानेनं पुस्तक परत केलं. चिठ्ठीखाली एक ओळ लिहायची, तर यानं पेन्सिलीनं अख्खी जागा भरलीय:
'पान ८८ ला म्हणतो या ग्रहावर वारंच न्हाई. १४० ला त्याच ग्रहावर उन्हात द्राक्षं टाकून हिरवागार बेदाणा काढतो. हुणार न्हाई. उन्हात काळा पडतो. सावली पायजे आन् आरपार वारं पायजे. वाऱ्याबिगर बुरशी धरंल, सूर्य दोन असूंद्या न्हाईतर चार. बाकी पुस्तक लय झ्याक. म. माने.' खाली पाच बायांच्या सह्या, वेड्यावाकड्या. म्हणजे सहा सह्या, आणि पुस्तक एकच.
डोकं फिरलं. जेमतेम चार बुकं शिकलेला माणूस माझ्या लेखकाची चूक काढणार? तावातावानं ८८ उघडलं. 'वाऱ्याची झुळूकही न जाणणारा ग्रह.' १४०. हिरवागार बेदाणा.
अकरा वेळा वाचलंय मी हे. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या चुका काढून पोट भरलं. जन्म तासगावात गेला, रस्त्याला दोन्ही बाजूंनी शेडं, त्यातून वारं कसं वाहतं ते रोज बघतोय, आणि…
लाज वाटली. लिहून ठेवतो.

२ मार्च, सोम.
जुन्या चिठ्ठ्या ओल्या फडक्यानं काढल्या. दो.सू.वरची तेवढी ठेवली. नव्या लिहायला बसलो, तासाभरात दोन झाल्या. 'ही वाचताना हसू येतं.' हे लिहायला एवढा वेळ! शैलाताई मुद्दाम दोनदा बाजूनं गेल्या.
सुभेदार दो.सू. घेऊन गेले. "अजून चुका असतील." या माणसाला शत्रू लागतोच.
सहा पुस्तकं झाली.

५ मार्च, गुरु.
आठ. माने दारात. "बाया इच्यारत्यात, आता फुडचं कुठलं? तुमी सांगा, तुमाला समदं ठावं." कपाटासमोर उभा राहिलो. कोणतं कुणाला झेपणार नाही हे सगळं तोंडपाठ आहे. टॉवेलवाल्या बाईला काय आवडेल? कधी विचारच केला नव्हता. शेवटी समुद्राखालच्या शहराचं दिलं. "तळ्याकाठच्या हाईत त्या, चालंल," म्हणाला.

८ मार्च, रवि.
माने सकाळीच समुद्राखालचं देऊन गेला, सह्यांसकट. नऊ. सभा पाचला.
जेवण झाल्यावर एक पुस्तक सुमनपुढं ठेवलं, पेनही. म्हणालो, इथं नुसती सही कर. तिनं पेन बाजूला सारलं. "न वाचताच? तुमी कदी न तपासता माल पास केलाय का?"
मग आवाज न चढवता म्हणाली, "चाळीस वर्सांत मला एकदा तरी म्हणाला का, सुमन, ह्ये वाच, तुला आवडंल?"
नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार.
"मग आता सांगा. कुठलं आवडंल मला?"
तोंडात आलेली तीन नावं मला आवडणारीच होती.
पदर खोचून स्कूटरवर मागं बसली, "चला, मीच बगते." आता वाचनालयात आहे, मी कोपऱ्यातल्या टेबलावर हे लिहितोय. ती कपाटापुढं उभी राहून एकेक पुस्तकाचं पहिलं पान वाचतेय. मला एकही शब्द विचारलेला नाही. माझ्या दोन नव्या चिठ्ठ्या वाचून पुढं गेली. आत्ता सुभेदारांनी काल परत केलेल्या दो.सू.शी थांबलीय, मानेची पेन्सिल वाचतेय.
साडेतीन वाजलेत. पुस्तक तीनशे बारा पानांचं, आणि नऊत आधीच धरलेलं. तिनं खुर्ची ओढली.