खलबत्त्याखालची फरशी

पेठ रोड, नाशिक
१८ सप्टेंबर २०२४

ती. स्व. भागीआक्का,

मल्हारीचा दंडवत.

इकडे सगळे मजेत. तुझा गुडघा कसा आहे ते विचारत नाही. तू "बरा आहे" एवढंच सांगणार, आणि खरं काय ते तुझा दीपक मला कळवतोच. फोन सोडून पत्र का, म्हणून घाबरू नको. फोनवर तू "बरं बरं, ठेव आता" म्हणतेस आणि माझं निम्मं बोलणं घशातच राहतं.

आपल्या दुकानाचा टेम्पो घेऊन गोरक्ष सटाण्याला माल टाकायला येतोय. त्याच्याकडे हे पत्र आणि नमुन्याच्या तीन फरशा दिल्यात. त्याला चहा दे, पण पत्र त्याच्यासमोर उघडू नको. फार चौकस माणूस आहे.

काम असं आहे. आमच्या गच्चीवर खोली आहे ना, तिला लागून लहानसं स्वयंपाकघर काढलंय. सहा बाय आठ. ओटा झाला. नेहमीपेक्षा तीन इंच खाली घेतला. मिस्त्री म्हणाला, "शेठ, ओटा बुटका होतोय." म्हटलं, होऊ दे, उभं राहणारं माणूस बुटकं आहे.

आता फरशी राहिली. पांढरी चकचकीत आहे ती गिऱ्हाईक डोळे झाकून नेतं आणि हळद सांडली की महिन्याभरात रडत येतं. लाकडासारखी दिसते ती फोटोपुरती. करडी जरा खरखरीत आहे, पाणी सांडलं तरी पाय सरकत नाही. मी विकणारा माणूस, तिन्हींची तारीफ करीन. पण तू प्रत्येक फरशी बोटांवर तोलून धर आणि नाण्याने वाजव. खणखणीत वाजली तर चांगली. भद्द वाजली तर आत चीर आहे, दिसो वा न दिसो.

वाजवायला मी कुठे शिकलो, ते तुला माहीत आहे. एकोणीस वर्षांचा होतो. नामपूरच्या मिस्त्रीकडे नुसता सिमेंट-वाळूचा माल कालवत होतो, फरशीला कोणी हात लावू देत नव्हतं. तू दाजींना म्हणालीस, "माझ्या स्वयंपाकघरात बसवू द्या त्याला. बिघडलं तर माझं बिघडेल." मी घाईत फरशीखाली सगळीकडे माल न पसरता चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवले आणि वरून दाबून दिलं. वरून आरसा, खालून पोकळ. आठ दिवसांत ओट्याजवळची फरशी तडकली. मी बघायला आलो तर तिच्यावर तुझा लोखंडी खलबत्ता ठेवलेला. दाजी म्हणाले, "हा इथे मधेच कशाला?" तू म्हणालीस, "मला इथंच बरा पडतो." आणि मला म्हणालीस, "चांगलं शे रे भाऊ तुनं काम."

चाळीस वर्षं तो खलबत्ता तिथून हललेला नाही. पुढची सगळी कामं मला तुझ्या त्या स्वयंपाकघरामुळे मिळाली.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. दुकानात म्हणतात, शेठचे कान तिखट. कोपऱ्यात नवरा बायकोला "आवडली असं दाखवू नको" म्हणतो ते मला गल्ल्यावर ऐकू येतं. मग नऊ वर्षांपूर्वी, दाजी गेल्यावर तू आमच्याकडे दीड महिना होतीस, तेव्हा एके दिवशी सुधा तिच्या आईशी फोनवर बोलली ते मला ऐकू आलं नसेल का? "यांची बहीण आता कायमचीच राहते की काय, माझ्याच घरात मी पाहुणी झाले." तू देवघरापाशी वाती वळत होतीस. मी आत दाढी करत होतो. मी नळ मोठा सोडला.

दुसऱ्या दिवशी तू पिशवी भरलीस. म्हणालीस, कांदे काढायला आलेत. मी तुला स्टँडवर सोडलं आणि वर विचारलं, "एवढी घाई काय, आक्का?" श्रावणात कसले कांदे काढतात? बागलाणात जन्मलेल्या माणसाला एवढं कळत नाही होय? तू खोटं बोललीस ते सुधाची लाज राखायला. मी खोटं बोललो ते माझी राखायला. तेव्हापासून तू भाऊबीजेला येतेस आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातेस.

दिवाळीनंतर दीपक बदलीवर पुण्याला जाणार आणि तू एकटी राहीन म्हणतेस, हे कळल्यावर मी सुधाला सगळं सांगितलं. वाटलं, ती नाकारेल. ती भाजी चिरायची थांबली. म्हणाली, "ऐकलं होतं तर तेव्हाच माझ्याशी भांडायचं होतं ना. दोन दिवस रडले असते, मोकळी झाले असते. नऊ वर्षं आक्का माझ्या हातचं पोटभर जेवल्या नाहीत, आणि मला वाटायचं, मी त्यांना आवडतच नाही." मग डोळे पुसून म्हणाली, "मला माझा ओटा हवा होता. आक्का नको होत्या असं नाही. वर त्यांचा ओटा टाका." त्या तीन इंचांची आठवणही तिचीच.

म्हणून हे स्वयंपाकघर. भाऊबीजेपुरतं नाही. दार वेगळं, गॅस वेगळा, वाटलं तर खाली ये, नाही वाटलं तर सुधा ठेच्यासाठी वर येईल. तुला यायचं नसेल तर तेही सांग, पण कांद्यांवर घालू नको.

फरशी मी स्वतः बसवणार, तुझ्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षांनी पुन्हा. या वेळी गोळे नाहीत. सगळीकडे माल पसरून, एकेक वाजवून. तुला जी आवडेल ती गोरक्षसोबत परत पाठव. आणि यायचं ठरलं असेल तर तिच्यासोबत खलबत्ताही पाठव. ठेवायचा कुठे ते विचारणार नाही. कुठेही ठेव, आता झाकायला काही नाही.

उत्तराची वाट बघणारा, आणि नळ बंद करून बसलेला,
तुझा भाऊ
मल्हारी