कात टाकलेला खेकडा

आबा, आज मंडईत एका बाईनं जिवंत खेकड्यांच्या नांग्या काडकाड मोडून माझ्यासमोर पिशवीत भरल्या आणि तुम्ही कॉलेजात आलात तो दिवस डोळ्यांपुढे उभा राहिला. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. पण त्या दिवसाविषयी आपण दोघं कधी बोललोच नाही.

दुष्काळाचं साल. देवळालीच्या आपल्या उसाला कारखान्याची तोड आलेली, आणि मी घरी यायचं सोडून प्रयोगशाळेत बसलेलो. खेकड्याचा डोळा देठावर असतो. तो देठ चिमट्यात धरायचा, कात्रीनं बुडातून छाटायचा, तापल्या सुईनं जखम डागायची, मग दुसरा डोळा. चर्र होई, जळका वास सुटे, आणि आंधळा खेकडा हवेत नांग्या मारत राही. मी मनातल्या मनात शाळेतल्या कविता चालीवर म्हणायचो, म्हणजे कात्री नेमकी बसे.

आणि तुम्ही दारात. हातात कोयता. "तोड आलीय, मानसं खोळंबल्यात, आन् तू हितं खेकडं सोलतो व्हय रं?" पहिली थोबाडीत तिथंच बसली. दुसरीनं मी टेबलावर आदळलो, ओठ फुटला. "आधी कविता, आता ह्ये नवं खूळ! चल घरी. कालेज बास."

आमचे प्राणिशास्त्राचे सर मध्ये पडले. घाबरून की काय, ते तुम्हाला शिकवूच लागले. "अहो, या देठात ग्रंथी असते. तिच्यातून संप्रेरक पाझरतं, रक्तातून अंगभर निरोप देतं, की अजून थांब, कवच टाकू नकोस. देठ कापला की थांबवणारं कोणी उरत नाही. खेकडा लवकर कात टाकतो, वाढतो."

"मंजी डोळं काडलं की वाढ हुती?" तुम्ही थुंकल्यासारखं हसलात. "मंग ह्येचंबी काडा की. लई दिस खुजाच ऱ्हायलाय."

तेवढ्यात घंगाळातलं पाणी उसळलं. खरं तर एकेक खेकडा वेगळ्या बरणीत ठेवायचा; पण पाण्याची टंचाई, म्हणून सगळे एकाच घंगाळात कोंबलेले. त्यातल्या एकानं कात टाकली होती. नवं अंग लोण्यासारखं मऊ, आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडलेले. एक पाय उपटला, मग दुसरा. तुम्ही कोयता फेकून हात आत घातलात. एक नांगी अंगठ्यात रुतली, दुसरी मनगटात. पाणी लाल झालं. एकाला तुम्ही घंगाळाच्या काठावर आपटून फोडलंत, दुसऱ्याची मोडकी नांगी मनगटाला लटकतच राहिली, आणि तो मऊ गोळा ओंजळीत वर काढलात. जराही न दाबता.

"आरं, ह्येला तर कायच न्हाई अंगावर," तुम्ही पुटपुटलात. "ह्येला कोन राखायचं?"

"कवच कडक होईपर्यंत एकटं ठेवावं लागतं," सर म्हणाले.

तो ओंजळीतच मेला. तुम्ही त्याला टेबलावर ठेवलंत, रक्ताचे हात धोतराला पुसलेत, मग माझ्या ओठाकडे पाहिलंत. मी पिशवी खांद्याला लावून उभा होतो.

"ठिव ती खाली. ऊस आमी तोडू," म्हणालात आणि निघून गेलात. त्यानंतर माझ्यावर कधी हात उचलला नाहीत. कॉलेज सुटलं नाही, कविताही.

हे पत्र टाकायला पेटी नाही. सून चूल पेटवेल तेव्हा ते जाळात सोडीन. पण आबा, तुमचा मार मी केव्हाच विसरलो. ती ओंजळ विसरलो नाही. या वयातही मला त्या खेकड्याचा हेवा वाटतो.