ओटा कोणाच्याही नावे नाही

॥ श्री ॥

कापूसपेठेतल्या निंबाखालच्या ओट्याला तीनशे रुपये लागले असे लोक सांगतात. ते खोटे आहे, म्हणून मृत्युपत्राच्या आरंभीच दुरुस्त करून ठेवतो. दगड पेढी नदीतला, फुकटचा. गाड्या वलगावकरांच्या. चुना उधार आणला, तो देणाऱ्याने पुढे मागितलाच नाही. गवंड्याला जेवण आणि एक पागोटे. खरा खर्च झाला तो असा : माझी मापाऱ्याची नोकरी, समोरचे दोन दात, आणि नत्थू कोणाच्या अध्यात ना मध्यात ही माझी कीर्ती. यांपैकी आठवण येते ती दातांची, तीही फुटाणे खाताना.

लिहून ठेवणार नत्थुजी वल्द पुंजाजी, जात कुणबी, वय सुमारे साठ, धंदा कापसाची दलाली, राहणार कसबे अमरावती. माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि कान तिच्याही पुढे आहेत. अमरावतीच्या पेठेत कोणतीही खबर आधी माझ्या कानावरून जाते, मग बाजारात उतरते. पंधरा वर्षांत यात खंड पडलेला नाही. हे पत्र मी कोणाच्या धाकाने वा भिडेने लिहीत नाही. धाक आणि भीड दोन्ही काल संध्याकाळपासून घरात येऊन बसल्या आहेत हे खरे, पण लिहिताना त्यांचा सल्ला घेतलेला नाही. अक्षर माझेच. पोत्यांवर आकडे रंगवता रंगवता शिकलो, त्यामुळे जरा ठसठशीत आहे.

साक्षीदार दोन, समोर बसले आहेत : अब्दुल गफ्फार पिंजारी आणि वलगावचे शेतकरी महादेवराव. खोलीला आतून कुलूप आहे आणि किल्ली माझ्या करगोट्याला. कारण चौथ्या कलमात एक खबर आहे. ती ऐकून साक्ष घातलेला माणूस उद्याचा बाजार उघडेपर्यंत बाहेर जाता कामा नये. अब्दुल गफ्फार म्हणाला, "भाऊ, साक्ष द्याले बलावलं का कैद कराले?" मी म्हणालो, "दोन्ही. गूळ-फुटाने आपल्याकडं."

कलम पहिले. राहते घर, मागचा गोठा व विहिरीचा अर्धा वाटा माझी बायको गोदाबाई हिला तिच्या हयातीपर्यंत, नंतर आमची एकुलती मुलगी वच्छला हिला. ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्याने बसावे, पाणी प्यावे, ही वहिवाट मोडू नये. गोदाबाई तोंडाने मोडते, पाणी मात्र देते.

कलम दुसरे. वलगावचे शेत मी स्वकमाईने घेतले आहे. ते आजच्या तारखेपासून वच्छलाच्या एकटीच्या नावे. तिचा नवरा खुशालराव, राहणार अकोला, कापसाचा व्यापारी, याच्या कोणत्याही सावकाराला या शेताच्या बांधावर पाय ठेवता येणार नाही. आज का, उद्या का नाही, हे चौथ्या कलमावरून कळेल. वच्छले, माय, हे तुझ्या नवऱ्याविरुद्ध लिहिले असे समजू नको. उद्या मी तोंड उघडल्यावर तुला उभे राहायला जागा लागेल, ती आज करून ठेवतो आहे.

कलम तिसरे. भगवंतराव आडत्ये यांस त्यांचा रुमाल परत द्यावा. कुसुंबी रंगाचा, एका कोपऱ्याला जळका.

पुढे वाचणाऱ्याला ठाऊक नसेल म्हणून लिहितो. आमच्या पेठेत सौदा रुमालाखाली होत असे. घेणारा आणि आडत्या कापडाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा कापूस तो शेतकरी आंतरपाटाकडे पाहावे तसा त्या रुमालाकडे पाहत उभा राही. मी तेव्हा भगवंतरावांकडे मापारी होतो. पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणायचे, मग दोन, तीन असे ओरडत जायचे, एवढे माझे काम. भगवंतरावांना एक खोड होती. बोटे दाबताना आकडा ते ओठांत पुटपुटत. रुमाल बोटे झाकतो, ओठ झाकत नाही. एकदा याच महादेवरावांचा कापूस तराजूवर होता. त्यांनी सहज विचारले, "नत्थू, काय ठरलं गा?" घेणाऱ्याकडून एक भाव आणि महादेवरावांना सांगायला दुसरा, हे मला ऐकू आले होते. मी 'लाभ' म्हणायच्या ऐवजी खरा भाव ओरडलो. आवाज बैलांच्या तळापर्यंत गेला. संध्याकाळी दात गेले; त्या झटापटीत रुमाल माझ्या मुठीत राहिला. वलगावकरांनी पुढे ओटा बांधला आणि म्हणाले, इथे बसून ओरड.

भगवंतरावांवर माझा आता राग नाही असे लिहिणार होतो. पण बुद्धी ठिकाणावर आहे असे वर लिहून बसलो आहे.

ओट्यावर बसू लागलो तेव्हा एक गोष्ट लवकर ध्यानात आली. नुसता भाव सांगितला तर माणूस म्हणतो, याला कोणी पैसे चारले. म्हणून दर रविवारी बाजार उघडण्याआधी मी हकीकत सांगू लागलो. आधी या भावात माझे स्वतःचे काय अडकले आहे ते सांगायचे. मग खबर कोणी दिली त्याचे नाव. मग जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणायचे. एवढे झाले की लोक मान पुढे करून ऐकतात. अमेरिकेतल्या लढाईमुळे कापूस चढला त्या पहिल्या साली मी भाव सांगितला तर लोक हसले. मग मी म्हणालो, माझ्या बायकोने काल आमची गादी उसवली, आतला कापूस याच अब्दुल गफ्फारने पिंजला, तो विकला, आणि मी रात्री चटईवर निजलो. खोटे वाटते त्याने घरी येऊन पाहावे. लोक खरोखर आले. गोदाबाईने चटई दाखवली आणि मला जे बोलली तेही लोकांनी ऐकले. त्या हंगामात कोणी स्वस्तात कापूस दिला नाही. साहेबाच्या कचेरीत अर्ज घेऊन जायचा झाला तरी तेव्हापासून लोक मला पुढे करतात. मला ना पाटीलकी ना वतन. चटई पाहून गेलेली माणसे, एवढीच माझी जहागीर.

कलम चौथे. खबर.

काल शुक्रवारी दिवेलागणीला खुशालराव अकोल्याहून घोड्यावर आला. मुंबईहून तारेने त्याच्या शेठला कळले होते : अमेरिकेतली लढाई मिटली. तिकडचा कापूस आता पुन्हा विलायतेला जाणार, आणि आमचा पडणार. किती पडेल मला ठाऊक नाही. पडणार हे नक्की.

खुशालरावाची अकोल्याची वखार गच्च भरली आहे. तीत चौथा हिस्सा माझा, म्हणजे माझी सगळी शिल्लक. त्या गाड्या उद्या अमरावतीत येणार. घेणारे कोण, तर इथलेच लहान लोक. चढत्या भावाला भुलून तेली, कोष्टी, बांगडीवाले, सारे कापूस घेऊन ठेवू लागले आहेत. ओट्याशेजारी मिरच्या विकणारी विधवा मैनाबाई, तिने चार बायका मिळवून, आपली पेटीतली सोन्याची पोत गहाण टाकून, उद्या एक गाडी घ्यायचे ठरवले आहे. मला विचारूनच ठरवले आहे.

खुशालराव म्हणाला, "मामाजी, तुमाले खोटं बोलाले कोन सांगून रायलं? उद्या फक्त गप बसा. एक बाजार. मंग सांगा ना साऱ्या मुलखाले."

मी म्हणालो, "माह्या गप बसन्याले भाव असते, जावईबापू."

हे मी बढाईने म्हणालो नाही. मागल्या माघात माझा घसा बसला होता. गळ्याला फडके गुंडाळून ओट्यावर नुसता बसून राहिलो. लोकांनी एकमेकांकडे पाहिले, नत्थुजी बोलत नाही म्हणजे काही वाईट कळले, आणि दुपारपर्यंत बाजार बसला. वाईट काही नव्हते; ताक आंबट होते. तेव्हापासून मी जाणतो. उद्या बोललो तर जावयाच्या गाड्या तशाच परत जातील आणि वच्छलाचे घर बुडेल. गप बसलो तर खुशालराव आपली माणसे पेरून सांगेल की सासऱ्याने हरकत घेतली नाही, आणि मैनाबाई गाडी घेईल. आजारी म्हणून घरी पडलो तर आजाराचा अर्थ निघेल. गावाला गेलो तर जाण्याचा निघेल. पंधरा वर्षे खरे बोलून मी स्वतःसाठी एक खोली बांधली आहे, आणि तिला दार ठेवायचे राहून गेले.

खुशालरावाने शेवटी वच्छलाचे नाव काढले. "ते तुमची एकच लेक हाय, मामाजी." मी म्हणालो, "म्हनूनच शेत तिच्या नावानं करून रायलो. तुमच्या नाई." तो जेवला नाही. रात्रीच परत गेला. त्याच्या घोड्याला मी स्वतः कडबा घातला.

म्हणून लिहून ठेवतो. उद्या मी ओट्यावर जाणार. आधी सांगणार की वखार माझ्या जावयाची आहे आणि तीत माझा वाटा आहे. मग खबर. मग 'लाभ' म्हणणार, कारण तराजू दुसऱ्या शब्दाने सुरू होत नाही. रात्रीतून मला काही झाले, तर हे कलम महादेवरावांनी ओट्यावर उभे राहून कोणा लिहित्या-वाचत्याकडून मोठ्याने वाचवून घ्यावे. मधले माझे शेरेही गाळू नयेत.

कलम पाचवे. ओटा कोणाच्याही नावे नाही. माझ्या नावे नव्हता, म्हणून मला तो कोणाला देता येत नाही; पण उद्यानंतर कोणीतरी हक्क सांगेल म्हणून लिहितो. जो बसेल त्याने आधी आपले नुकसान सांगावे. ज्याला सांगण्यासारखे नुकसान नसेल त्याने खाली बसून ऐकावे. तराजू निंबाला टांगलेला असावा, कुलूप न लावता.

कलम सहावे. शिल्लक रकमेचे वाटप आज लिहिण्यात अर्थ नाही. जी उरेल ती गोदाबाईची. तिची गादी परत भरून द्यायचे वचन चार साले राहिले आहे. दर साली मी म्हणे, भाव उतरू दे. आता उतरेल. पहिला स्वस्त कापूस त्या गादीत जावा, पिंजण्याचे काम अब्दुल गफ्फारने करावे आणि मजुरी रोख घ्यावी. तो मागत नाही.

इतके लिहून सही करणार तोच गोदाबाई खिडकीशी आली.

"आवो, आयकता का? ओसरीतल्या मानसाईले पानी देऊन देऊन माहा रांजन सरला."

"काऊन बसले हायेत ते?"

"तुमी उद्या सांगता का नाई, ते पाहाले."

"काय सांगतो का नाई?"

"लढाई मिटली ते. चांदूर बाजारच्या गाडीवाल्याइनं काल भर दुपारी सांगतलं साऱ्याइले. मैनाबाई तं तवाच पोत सोडवून घेऊन गेली. तुमी अंदर काय लिहून रायले सकायपासून?"

मी महादेवरावांकडे पाहिले. ते म्हणाले, वलगावला काल सांजच्यालाच कळले होते. अब्दुल गफ्फार फुटाणे निवडत होता.

"तुले बी मालूम व्हतं?"

"हो भाऊ."

"मंग सकायपासून कैदेत काऊन बसला?"

"तुमी लिहिता का नाई, ते पाहाले," तो म्हणाला. "गूळ बी बरा व्हता."

वरील एकही कलम मी बदललेले नाही. खुशालरावाच्या गाड्या उद्या येवोत न येवोत, हकीकत ठरल्याप्रमाणे होईल. कुलूप काढले आहे. हे पत्र माझ्या राजीखुशीने, पुरत्या शुद्धीत, दार उघडे असताना पुरे केले.

स्थळ अमरावती. मिती वैशाख वद्य दशमी, शके १७८७, क्रोधननाम संवत्सर, शनिवार, दिवस कलता.

सही : नत्थुजी वल्द पुंजाजी, दस्तुर खुद्द.

साक्ष : महादेवराव, राहणार वलगाव. निशाणी नांगराची.

साक्ष : अब्दुल गफ्फार पिंजारी, राहणार अमरावती. निशाणी पिंजणाच्या धनुकलीची.

दुरुस्ती : आरंभी, कोणतीही खबर आधी माझ्या कानावरून जाते असे लिहिले आहे. ही खबर अमरावतीत सगळ्यांत शेवटी मला कळली.