साठच्या वर नाही

शनिवार, ८ फेब्रुवारी

झाली एकदाची रोबोट-स्पर्धेची तपासणी! लेकीच्या संघाचा रोबोट नेमका माझ्याच वाट्याला आला. दुसरा तपासनीस तापाने आडवा — करणार काय? नियम सरळ आहे. टाकीत एकशे वीस पाउंड दाबापर्यंत हवा भरा, पण दाब उतरवणाऱ्या रेग्युलेटरमधून पुढे रोबोटच्या हाताकडे तो साठच्या वर जाता कामा नये.

त्यांच्या दाब मोजायच्या गेजवर साठच होते. पण उद्या कुणी नावं ठेवू नयेत म्हणून मी मुद्दाम कॉम्प्रेसर दुरुस्तीच्या पिशवीतून माझं स्वतःचं गेज काढून लावलं. अडुसष्ट! "बाबा, नीट बघ ना," लेक म्हणाली. म्हटलं, "इथे मी बाबा नाही, तपासनीस आहे." माझ्या गेजवर साठ दिसेपर्यंत दाब कमी करायला लावला. घरच्यांना सूट दिली नाही, याचं बरं वाटलं.

रविवार, ९

लेकीचा संघ हरला. शेवटच्या फेरीत रोबोटने वरचा दांडा पकडला, अंग उचललं, आणि अर्ध्यावरच लटकून राहिला. हवेत जोरच नव्हता. लेकीने माझ्याकडे बघितलंही नाही.

मंगळवार, ११

घरात अबोला. ही म्हणते, "साहेब, जेवायला येताय की आधी भांडी तपासणार?" एरवी लेक पोट धरून हसली असती. आज ताट घेऊन खोलीत गेली. नियम तो नियम, माझं काय चुकलं?

शुक्रवार, १४

वर्कशॉपात गेजांची वार्षिक पडताळणी. माझं गेज लावून पडताळणीवाला म्हणाला, "हे पडलं होतं का कुठे? आठ पाउंड जास्त दाखवतंय."

पडलं होतं. मागच्या महिन्यात, गाडीतून. काच शाबूत होती म्हणून मी फिकीर केली नाही. म्हणजे पोरांचंच गेज बरोबर होतं, आणि मी त्यांना बावन्नवर खेळायला लावलं! संयोजकांना फोन करून सांगितलं. "जाऊ द्या, झालं ते झालं," म्हणाले. त्यांना काय जातंय. लेकीला कसं सांगू?

शनिवार, १५

सांगितलं. ती खाली बघत म्हणाली, "माहीत होतं. तपासणीच्याच दुपारी शेजारच्या संघाचं गेज लावून पाहिलं होतं मी. बावन्न."

मग बोलली का नाहीस?

"बोलले असते तर सगळे म्हणाले असते, बापाने लेकीला दाब वाढवून दिला. तुझ्यावर नाही रे रागावले, बाबा. संघातल्या कुणालाच मी हे सांगितलेलं नाही. आता त्यांना काय तोंड दाखवू?"